मदत हवी आहे: सर्किट बोर्डातून तांबं काढताना जॅरोसाइटचा थर

जुन्या सर्किट बोर्डांच्या चुऱ्यातून अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे लोहाचं ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू वापरून तांबं काढतोय. जिवाणू वाढवायचं माध्यम ९के, म्हणजे लिटरला साधारण ९ ग्रॅम फेरस लोह. तापमान ३० अंश, शेकर १५० आरपीएम, सुरुवातीचा पीएच १.८. आधी कल्चर वाढवून बहुतेक फेरसचं फेरिक (तांबं विरघळवणारं रूप) झालं की मगच १ मिमीपेक्षा बारीक चुरा टाकतो, त्यामुळे जिवाणूंना सुरुवातीलाच विषारीपणाचा फटका बसत नाही.

लिटरला १० ग्रॅम चुऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चालतं. २० ग्रॅम केलं की पीएच २.५ च्या वर जातो आणि पिवळा गाळ (जॅरोसाइट, म्हणजे फेरिक लोहाचं सल्फेट खनिज) बसतो. भिंगाखाली तांब्याच्या कणांवर त्याचा घट्ट थर दिसतो. तिथून पुढे तांबं विरघळणं जवळपास थांबतं. पीएच चढतो तो बोर्डातल्या अ‍ॅल्युमिनियम, सोल्डरमुळे, शिवाय फेरसचं पुन्हा फेरिक होतानाही आम्ल खर्च होतं.

करून पाहिलेलं: रोज सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणला, पण एकदा बसलेला थर सुटत नाही. मिठाच्या संपृक्त पाण्यात प्लास्टिक तरंगवून वेगळं केलं, थोडाच फरक पडला. लोह निम्मं केल्यावर गाळ घटला, पण वेगही घटला.

चुरा आधी आम्लात धुणं टाळायचंय, कारण ते सांडपाणी वेगळं हाताळावं लागेल. पीएच आणि ओआरपी (ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियल, यावरून फेरिक-फेरसचं प्रमाण कळतं) मोजता येतात, तांबं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर.

चुरा हप्त्याहप्त्याने टाकायचा तर पुढचा हप्ता किती ओआरपीला द्यावा? आणि माध्यमातलं लिटरला ३ ग्रॅम अमोनियम सल्फेट (त्यातलं अमोनियम जॅरोसाइटमध्ये जातं) कितीपर्यंत कमी केलं तर जॅरोसाइट घटेल, पण वाढ खुंटणार नाही?