सरकारी वकील आणि पोलीस खरे वाटतील अशी मालिका सुचवा

रंकाळ्याची_पोर:
मंडळी नमस्कार. मी कोल्हापुरातच लॉ करते, दुसरं वर्ष. आमच्याकडे रात्री जेवताना आई-आप्पा क्राइमच्या मालिका लावतात. पोलीस दोन कानाखाली देतात, आरोपी घडाघडा कबूल करतो, एपिसोड संपतो. कोर्ट आलंच तर सरकारी वकील एकतर विकला गेलेला, नाहीतर नुसता "ऑब्जेक्शन" म्हणून उठणारा. हिरो कायम बचावाचा. मला पुढं सरकारी वकिलीच करायची आहे, त्यामुळं हे फार लागतं. हे काम जसं असतं तसं दाखवलेलं काही आहे का? भाषा कुठलीही चालेल.

करवीरकर_८८:
'दिल्ली क्राइम', पहिला सीझन. २०१२ च्या दिल्लीतल्या प्रकरणाचा तपास आहे, शेफाली शाह डीसीपी. २०२० ला इंटरनॅशनल एमी मिळालं. पोलीस दमलेले, चिडलेले, तरी कामाला जुंपलेले दिसतात. पण कोर्ट त्यात जवळपास नाही, आणि विषय जड आहे. आप्पांसोबत बघायचं का ते आधी ठरव.

बावडा_बाररूम:
ताई, मी बरीच वर्षं फौजदारी कामं करतो, तीही बचावाच्या बाजूनं. तरी सांगतो, पडद्यावर सगळ्यात जास्त अन्याय सरकारी वकिलावरच होतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) बघा. मालिका नाही, सिनेमा आहे, पण तुम्ही मागताय ते यात आहे. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील ना खलनायिका, ना नायिका. कोर्टात ब्रिटिशांच्या काळातली कलमं सपाट आवाजात वाचते आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. पोलिसांचा साक्षीदार याआधीही पोलिसांच्या केसेसमध्ये उभा राहिलाय, हेही त्यात बाहेर येतं. फौजदारी कोर्टात वावरलेला माणूस तिथं सावरून बसतो.

आता त्या कबुलीबद्दल. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. आरोपीनं सांगितल्यावरून विहिरीतून कोयता निघाला, तर त्याच्याशी जोडलेलं तेवढंच बोलणं चालतं. म्हणजे मालिका जिथं संपते तिथं खरं काम सुरू होतं. पंच बोलवा, मेमोरंडम पंचनामा करा, म्हणजे आरोपी काय सांगतोय ते पंचांसमोर लिहून घ्या, मुद्देमाल सील करा, सीएकडे म्हणजे रासायनिक तपासणीला पाठवा. काही वर्षांनी तेच पंच पिंजऱ्यात येऊन म्हणतात, "मी फक्त सही केली." फितूर! मग सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतो. केस हातातून निसटत असताना एकेका प्रश्नानं ती सावरायची असते. यावर कुणी एक अख्खा एपिसोड केला तर मी दोनदा बघीन.

शाहूपुरीचा_बंड्या:
'लॉ अँड ऑर्डर' कुणीच कसं सांगितलं नाही? अमेरिकन आहे, १९९० पासूनची. अर्ध्या भागात डिटेक्टिव्ह तपास करतात, अर्ध्या भागात सरकारी वकील केस चालवतात. ताईला हेच पाहिजे की.

बावडा_बाररूम:
जरूर बघा, पण तिथली पद्धत डोक्यात धरून इथल्या परीक्षेला जाऊ नका. आरोप ठेवायचा की नाही, आरोपीशी तडजोड करायची का, हे तिथं मुख्यतः सरकारी वकील ठरवतो. आपल्याकडं दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. सरकारी वकिलानं पोलिसांच्या हाताखाली असू नये, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच होतं, शहाणे खटल्यातलं. प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेबद्दल तडजोड, आपल्याकडं २००६ पासून आहे, तेही सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, आणि त्यातूनही काही गुन्हे वगळलेत. आपल्या मालिकेतला सरकारी वकील फौजदाराला "त्याला उचला" म्हणून हुकूम सोडताना दिसला, की समजायचं लेखकानं अमेरिकेचं आणून चिकटवलंय.

हवालदाराची_लेक:
माझे बाबा पोलिसात होते, म्हणून पोलिसांबद्दल लिहिते. 'सीआयडी' आमच्या घरात आवडीनं बघायचे, शिवाजी साटम तर 'एक शून्य शून्य'पासूनचे लाडके. पण तिथं अख्ख्या टीमकडं एका वेळी एकच केस असते. बाबांच्या साहेबांकडं गुन्ह्यांच्या फायली साठलेल्या असायच्या आणि मध्येच जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्रात अंबाबाईचा बंदोबस्त, नाहीतर एखाद्या मंत्र्याचा दौरा. दिवसभर डोंगरावर उभं राहून आलेला माणूस रात्री बसून जबाब लिहितो. त्यात एखादी तारीख चुकली तर तीच उलटतपासात गळ्याशी येते. हा थकवा पडद्यावर यायला पाहिजे. पोलीस सगळे चांगले असतात असं मी म्हणणार नाही, पण दोन कानाखाली मारणं म्हणजे तपास, हे पोरांच्या मनात बसतंय त्याचा मला राग येतो.

रंकाळ्याची_पोर:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'कोर्ट' या रविवारी आप्पांना घेऊन बघते. वकीलकाका, फितूर साक्षीदाराचा उलटतपास खरोखर बघायचा असेल तर? आम्हाला आत बसू देतात का?

बावडा_बाररूम:
देतात. इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, नसेल तर सुनावणी सगळ्यांना खुली असते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून सगळे तिकडं धावतात, पण साक्षीपुरावा बघायचा तर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयातच या. सत्र न्यायाधीशांचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघून पुराव्याच्या टप्प्यावरचा खटला निवडा. मोबाइल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा. सरतपासापासून, म्हणजे सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला पहिले प्रश्न विचारतो तिथपासून बसा, मध्येच आलात तर साक्षीदार कुठं फिरला ते कळणार नाही.