रिव्हर केन: अमेरिकेचा देशी बांबू

अमेरिकेतला सगळा बांबू आशियातून आलेला आहे आणि म्हणून तो उपटून टाकावा, हे काही जणांचे मत मला मान्य नाही. आग्नेय अमेरिकेतील नद्यांच्या पूरमैदानांत वाढणारा रिव्हर केन (अरुंडिनेरिया जायगँशिया) हा तेथील अस्सल देशी बांबू आहे. त्याची एकेकाळी मैलोन्मैल पसरलेली बने गुरांची चराई, शेतीसाठी झालेली तोड आणि ठरावीक काळाने जमीन जाळण्याची मूलनिवासींची पद्धत बंद पडणे यांमुळे जवळजवळ नाहीशी झाली. त्याचे भूमिगत खोड आडवे धावत काठची माती घट्ट धरून ठेवते. चेरोकी या तेथील मूलनिवासी जमातीचे कारागीर त्याच्या काठ्या उभ्या चिरतात, वरची चिवट पट्टी सोलून घेतात आणि दुहेरी विणीच्या टोपल्या विणतात. त्यांना जाड काठी मिळेनाशी होणे हे मोठेच नुकसान आहे. फुलोरा अनेक वर्षांतून एखाद्या वेळी येत असल्याने बियांवर विसंबता येत नाही, त्यामुळे पुनर्लागवड बहुतांशी भूमिगत खोडाचे तुकडे लावूनच होते. उपटण्यापूर्वी काठी निरखून पाहावी: फायलोस्टॅकिस या आशियाई बांबूच्या काठीवर फांद्या फुटतात त्या गाठीच्या वर ठळक खोबण असते आणि गाठीवर बहुधा दोनच मुख्य फांद्या येतात.