मदत हवी आहे: पूर्णाकाठची काळी जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) आहे का, हे नक्की कसं ओळखायचं?

वावर_दर्यापूर
नमस्कार. मी नागपुरात नोकरी करते, वावर मात्र दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. बाबा कपाशी, तूर आणि पावसाच्या ओलीवर हरभरा घेतात.

अडचण नदीकडच्या सखल तुकड्याची आहे. पाऊस झाला की तिथे पाणी वरच तुंबतं. आठवडा गेला तरी निवळत नाही, चहासारखं गढूळच राहतं. वरून सुकलं की कडक पापडी धरते आणि खाली चिखल तसाच, त्यामुळे वाफसा म्हणून येत नाही. पराटी पिवळी पडून बसते. धुऱ्याच्या पलीकडे, थोड्या चढावर, त्याच पावसात त्याच बियाण्याचं पीक कमरेएवढं होतं. माती दोन्हीकडे दिसायला सारखीच काळी.

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (pH) 8.6 आणि क्षारता 0.4 आली. शेरा होता, ‘क्षार सामान्य’. बाबांचं म्हणणं, कागद सामान्य म्हणतो तर मग पाणी का मुरत नाही? मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून वाचायला घेतलं. हंगेरीतला होर्तोबाज, युक्रेन, कझाकस्तान अशा कोरड्या गवताळ प्रदेशांत, नदीच्या जुन्या पूरमैदानांवर सोडियमने भरलेल्या जमिनी असतात, त्यांना सोलोनेट्झ म्हणतात. वर भुरकट, हलक्या मातीचा पातळ थर आणि त्याखाली एकदम घट्ट चिकण. ती चिकण उभ्या खांबांसारखी फुटते, खांबांचे माथे गोल आणि त्यांवर पांढुरकी पूड. आमच्यासारखंच तिथेही पाणी वर तुंबतं.

उन्हाळ्यात बाबांनी कमरेइतका खड्डा खणला. खांब कुठेच नाहीत. पाचरीच्या आकाराची ढेकळं निघाली, त्यांच्या बाजू तेल चोळल्यासारख्या चकाकत होत्या आणि मधे मधे चुनखडीचे खडे. खांब नाहीत म्हणजे आमची जमीन चोपण नाही, असं समजायचं का? आणि जिप्सम (सोडियम हटवायला टाकतात ते कॅल्शियमचं खनिज) टाकायचं तर किती? दुकानदार सांगेल तितकं टाकायची माझी तयारी नाही.

पाटील_अकोट
ताई, एकरी चार-पाच पोती टाकून द्या. आमच्याकडे फरक पडला.

काळी_कसदार
पाटील भाऊ, तुमच्या वावरात पडला असेल, पण मोजल्याशिवाय सांगू नये. ताई, जरा सविस्तर लिहितो, मी नागपुरातच मृदाशास्त्र शिकलो आहे.

आधी पत्रिकेचं. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सोडियम त्यात नाहीच. क्षारता म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. तुमचा त्रास मातीच्या कणांना चिकटून बसलेल्या सोडियमचा आहे आणि तो त्या आकड्यात दिसत नाही. 0.4 बरोबर असेल आणि जमीन चोपणही असेल. सामू साडेआठच्या वर गेला, ही खूण मात्र पत्रिकेनेच दिली आहे.

क्षार कमी असणं इथे उलट अंगावर येतं. खारं पाणी चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं. पावसाचं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं, ते पडलं की सोडियमवाले कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि छिद्रं बुजवून टाकतात. गढूळ पाणी निवळत नाही ते त्यामुळे.

आता खांबांबद्दल. सोलोनेट्झमध्ये वरच्या थरातली चिकण सोडियममुळे सुटी होते, खाली वाहून जाते आणि तिथे साचते. शेकडो वर्षं तो थर आपल्या जागी राहतो, तेव्हा खांब घडतात. आपल्या काळ्या जमिनीत वरपासून खालपर्यंत निम्म्याहून जास्त चिकणच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि वरची माती त्या भेगांत पडत राहते. तुम्ही पाहिलेल्या चकाकत्या बाजू म्हणजे फुगलेली माती मातीवर घासल्याच्या खुणा. एवढ्या घुसळणीत खांब टिकायचे कसे? तेव्हा खांब नाहीत यावरून सोडियम नाही असं ठरत नाही.

चुनखडीचे खडे मात्र लक्षात ठेवा. कमी पावसाच्या हवेत कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो, मातीच्या पाण्यातून निघून जातो आणि मागे सोडियमचा वाटा वाढत जातो. हे खाली जास्त होतं. म्हणून वरची वीतभर माती तपासून भागत नाही, नमुना 60 सेंटीमीटरपर्यंत थराथराने घ्या.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पुस्तकात विनिमयक्षम सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर गेला तर चोपण असं लिहिलेलं असतं. हा आकडा अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेच्या 1954 च्या पुस्तिकेतून आला. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या अभ्यासकांनी काम केलं, तेव्हा साधारण 5 टक्क्यांपासूनच पाणी मुरणं बिघडलेलं दिसलं. तुमचा अहवाल 8 किंवा 9 आला आणि कोणी ‘पंधराच्या आत आहे, ठीक आहे’ म्हणालं, तर ऐकू नका.

तोवर घरी एक करा. दोन्ही तुकड्यांतलं हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ वेगवेगळ्या काचेच्या ग्लासात, बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा. बोअरचं पाणी नको, ते खारं असतं आणि खोटं उत्तर देतं. ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं ढासळून पडलं तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियम आहे.

वावर_दर्यापूर
खूप आभार. काल रात्री ग्लास ठेवले. चढावरच्या मातीचं ढेकूळ विस्कटलं, पाणी स्वच्छ. सखल भागातली वरची माती थोडी धुरकट. आणि खड्ड्याच्या तळाच्या मातीचा ग्लास सकाळी असा झाला होता की पलीकडची खिडकी दिसेना. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी लगेच फोन केला. आता जिप्समचा हिशोब सांगाल का?

काळी_कसदार
सखल भाग नक्की सोडियमचा. आकडा आल्यावर हिशोब असा: 100 ग्रॅम मातीमागे 1 मिलीइक्विव्हॅलंट (अहवालात सोडियम ज्या मापात येतो ते) सोडियम काढायचा तर वरच्या 15 सेंटीमीटरसाठी एकरी सुमारे 8 क्विंटल शुद्ध जिप्सम लागतं. बाजारातलं शुद्ध नसतं, त्या प्रमाणात वाढवा. पावसाळ्याआधी पसरून वखराने वरच्या थरात मिसळा. खोल नांगरट करू नका, तुमचा तळ वर येईल. त्या तुकड्यात एक हंगाम धैंचा (हिरवळीचं खत) घेऊन फुलोऱ्याआधी गाडता आला तर फार चांगलं. सोडियम तपासायला महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा अकोल्याला विद्यापीठात विचारा. ‘विनिमयक्षम कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम’ असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर पुन्हा तीच पत्रिका हातात येईल.

पूर्णाकाठ
एक राहिलं. जिप्समने सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वावराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर तिथेच फिरतो. आम्ही रुंद वरंबा-सरी पाडली आणि सऱ्यांचं तोंड नाल्याकडे काढलं. तुमच्या सखल तुकड्याला उतार कुठे आहे?

वावर_दर्यापूर
नदीकडेच आहे, पण मधे शेजाऱ्यांचं वावर. चर त्यांच्या धुऱ्यावरून न्यावा लागेल. बाबा रविवारी त्यांच्याशी बोलणार आहेत. अशा ठिकाणी दोघांनी मिळून सामाईक चर काढला असेल, तर खोली किती ठेवली आणि पुराचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून काय केलं, ते कृपया इथे लिहा.