रिव्ह्यू झालेलं सगळंच तपासलेलं नसतं

"पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांनी केलेली तपासणी) झाल्याशिवाय प्रीप्रिंटवर, म्हणजे त्या तपासणीआधीच नेटवर टाकलेल्या संशोधनावर, विश्वास ठेवूच नये" असं मत बऱ्याचदा ऐकू येतं; मला ते अर्धंच पटतं. मे 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, कोरोनाच्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध घातक ठरतं असं सांगणारा पेपर आला, तो रीतसर रिव्ह्यू होऊनच. 671 रुग्णालयं, सुमारे 96,000 रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच त्या औषधाची चाचणी थांबवली. मग लोकांनी आकडे पडताळले, तर ऑस्ट्रेलियातले 73 मृत्यू दाखवलेले; पेपरातल्या तारखेपर्यंत तिथे देशभरात 67च झाले होते! पेपरसाठी आकडे पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ डेटा तपासायला दिला नाही आणि 4 जूनला पेपर मागे घेतला गेला. रिव्ह्यूअरला मूळ डेटा सहसा दिसतच नाही (शिवाय हे काम तो बहुधा फुकटच, स्वतःचं काम सांभाळून करतो), मग तो पकडणार काय?

उलट त्याच वर्षी जानेवारीअखेर दिल्लीतल्या संशोधकांनी कोरोना विषाणूचं एचआयव्हीशी साम्य सांगणारा प्रीप्रिंट बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या वेबसाइटवर टाकला. जाणकारांनी तिथेच खाली लिहून दाखवून दिलं, की जुळणारे तुकडे इतके छोटे आहेत की ते इतर कितीतरी जीवांतही सापडतात. दोन-तीन दिवसांत लेखकांनीच तो मागे घेतला. तोवर सोशल मीडियावर तो पसरला होता, हे खरंच आहे. म्हणूनच प्रीप्रिंटच्या बातमीत 'अजून तपासणी व्हायची आहे' हे पहिल्याच वाक्यात यायला हवं.