ठेकेदाराकडून आलेल्या बाईची बाळंतपणाची रजा: पैसे कोणी द्यायचे?

भोसरीची हार्नेसवाली

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं वायर हार्नेसचं, म्हणजे वायरींचे जुडगे बांधून द्यायचं, छोटं युनिट आहे. सतरा जण काम करतात, त्यातले अकरा माझ्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आणि सहा बायका ठेकेदाराकडून आलेल्या. या सहांपैकी एक दीड वर्षापासून बोर्डवर काम करते. हात इतका साफ की तिच्या लॉटमधून माल सहसा परत येत नाही. तिला आता सहावा महिना आहे, पहिलंच बाळ, मेच्या मध्यावरची तारीख दिली आहे.

ठेकेदार म्हणतो, "मॅडम, फेब्रुवारीअखेर नोकरीत ब्रेक दाखवू. बाळंत होऊन आली की परत घेऊ." मी नाही म्हणून सांगितलं. पोटुशी बाईला घरी पाठवून दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या बाकीच्या बायकांसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

पण आकडाही समोर दिसतो. पगार १६,५०० रुपये. सव्वीस आठवड्यांचा पगार म्हणजे लाखाच्या घरात, आणि माझं मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट कायम लांबलेलं. तिच्या स्लिपवर दरमहा ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) १२४ रुपये कापलेले दिसतात. काल तिने मोबाइलवर उघडून दाखवलं, तर वर्गणी गेल्या जूनपर्यंतच जमा आहे. पुढे काहीच नाही. कापलेले पैसे गेले कुठे? आणि आता तिला रजेचे पैसे कोण देणार?

कामगार सल्लागार, पिंपरी

ताई, पहिली गोष्ट, हा पैसा तुमच्या खिशातून जायचा नाही. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली आणि ईएसआयमध्ये बसणारी बाई बाळंतपणाचा लाभ ईएसआय महामंडळाकडून घेते, तोही सरासरी रोजाच्या पूर्ण दराने. पहिल्या बाळाला २६ आठवडे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. २०१७ च्या दुरुस्तीआधी हे बारा आठवडे होते, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही २६ कायम आहेत.

आता तिचा हिशेब. बाळंतपण जानेवारी ते जून या लाभकाळात येतं. त्यासाठी त्याआधीच्या लागोपाठच्या दोन वर्गणीकाळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. म्हणजे तिच्या बाबतीत गेल्या सप्टेंबरला संपलेलं वर्ष, ऑक्टोबर ते मार्च आणि एप्रिल ते सप्टेंबर. ऑक्टोबरपासून जूनपर्यंतची वर्गणी जमा आहेच, तेवढ्यानेच ती पात्र ठरते. शिवाय नियमात त्या दिवसांची वर्गणी देय होती की नाही हे पाहतात, त्यामुळे ठेकेदाराने बुडवलेले महिने तिच्या माथी मारता येत नाहीत.

ते तुमच्या माथी मात्र येतात. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे तुमची. भरा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करा, कायदा तशी मुभा देतो. कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के धरून तिचे महिन्याला साधारण ६६० रुपये होतात, वर उशिराचं १२ टक्के व्याज. आत्ता ही रक्कम लहान आहे. तपासणीत निघाली तर दंडही लागतो. आणि कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, हे ठेकेदाराला लेखी कळवा.

ब्रेक अजिबात नको. रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टर रोलवरच्या बायकांच्या खटल्यात २००० साली सांगितलं आहे.

अंबडचा प्रेसशॉपवाला

आमच्याकडे ठेकेदार दर महिन्याला बिलाला वर्गणी भरल्याचं चलन जोडायचा, अकाउंटंट रक्कम बघून बिल पास करायचा. नंतर कळलं, तेच चलन तो आणखी दोन कंपन्यांना दाखवत होता. आता आम्ही चलनासोबत नावांची यादी मागतो, ती आमच्या हजेरीपटाशी ताडतो, मगच बिल. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यामुळे बिल १६ नंतरच घेतो. ठेकेदार कुरकुरला, पण टिकला.

ताई, तिला तुमच्या मस्टरवर घ्यायचं ठरवलंत तर तिचा जुना आयपी नंबरच (ईएसआयचा विमा क्रमांक) लावा. नवा काढला की आधीची वर्गणी एका नंबरवर आणि पुढची दुसऱ्यावर, मग ते जुळवत बसा. आणि ठेकेदार तिच्याकडून राजीनामा लिहून घेत नाही ना, तेवढं बघा.

लाइन सुपरवायझर, चाकण

पैशांचं झालं, पण ती आत्ता उभी राहते त्याचं काय? तारखेआधीच्या दहाव्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत तिने मागितलं तर जड किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. म्हणजे मार्चच्या सुरुवातीपासून. तोपर्यंत थांबू नका हो. हार्नेस बोर्डवर आठ तास उभं राहून पाय किती सुजतात ते मी स्वतः भोगलेलं आहे. टर्मिनल तपासणी, टेपिंग, लेबलिंग बसून होतं. पाठीला टेकू असलेली खुर्ची द्या, स्टूल नको. बाळंतपणानंतर सहा आठवडे तर काम द्यायचंच नसतं. परत आली की बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन वेळा सुट्टी द्यावी लागते. ती कोण कशी घेणार हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर बाया लाजून मागतच नाहीत.

भोसरीची हार्नेसवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. सहाही जणींचे आयपी नंबर घेऊन तपासले. चौघींची वर्गणी जूननंतर नाही, एकीचा नंबरच काढलेला नाही. तिला कारखान्यात काही लागलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

ठेकेदाराचं या महिन्याचं बिल थांबवून लेखी नोटीस दिली आहे. थकलेली वर्गणी मी भरते आहे. एक एप्रिलपासून सहाही जणी माझ्या मस्टरवर येतील, दर परवडतो का ते भावाबरोबर बसून पाहिलं, परवडतो. ती आजपासून टेपिंगच्या टेबलावर बसते. गरोदरपणाच्या दाखल्यासाठी तिला सोमवारी भरपगारी सुट्टी देऊन मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात पाठवते, सोबत आमची अकाउंटंट जाईल.

सल्लागार साहेब, एकच राहिलं. जिचा नंबरच नाही तिची नोंद मागच्या तारखेपासून करायला हजेरीपट आणि पगाराच्या स्लिपा पुरतील का, की आणखी काही जोडावं लागेल?