एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण पॅप नॉर्मल: पुढे काय करावे?

प्रश्न (वय ३८, नाशिक):
माझ्या तपासणीच्या अहवालात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल असून एचपीव्ही या विषाणूच्या प्रकारांबद्दल ‘१६ व १८ निगेटिव्ह, इतर हाय रिस्क प्रकार पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. लॅबने फोनवर ‘पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगितले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो असे वाचल्यापासून, लग्नाला चौदा वर्षे होऊनही, आम्ही दोघे घरात एकमेकांशी जपून बोलत आहोत. हा कॅन्सर आहे का? गर्भाशय काढावे लागेल का?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ):
दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. विषाणू सापडला आहे, पेशींत बदल दिसलेला नाही. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी १६ आणि १८ हे प्रकार असतात. त्यांपैकी एक जरी आढळला असता, तर पॅप नॉर्मल असूनही मी लगेच कोल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुखाची पाहणी) करायला सांगितले असते. आपल्यासारख्या अहवालानंतर सहसा वर्षभराने पुन्हा तपासणी करतात आणि तेव्हाही विषाणू आढळला तरच कोल्पोस्कोपी करतात. मात्र आपल्याला एचआयव्ही असेल किंवा पूर्वीचा एखादा अहवाल बिघडलेला असेल, तर हे वेळापत्रक बदलते. विषाणू घालवणारे औषध नाही; बहुतेकींच्या बाबतीत शरीरच एक-दोन वर्षांत त्याला आवरते. त्यामुळे त्यासाठी महागड्या गोळ्या घेऊ नयेत.

राहिला घरातला प्रश्न. हा संसर्ग कित्येक वर्षे शरीरात गुपचूप राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे या अहवालावरून कोणालाही सांगता येत नाही. हे वाक्य यजमानांनाही वाचून दाखवावे.

उत्तर (वय ४४, सोलापूर):
माझा प्रकार १६ होता. कोल्पोस्कोपीच्या वेळी व्हिनेगरसारखे द्रावण लावल्यावर थोडे चुरचुरले आणि समोरच्या पडद्यावर नखाएवढा पांढरा डाग उमटला. बायोप्सीचा (तपासणीसाठी छोटा तुकडा घेण्याचा) चिमटा मात्र चांगलाच जाणवला. पुढे जागा बधिर करून तेवढा भाग काढला आणि संध्याकाळी मी घरी होते. दोन-तीन आठवडे तपकिरी स्राव जात होता. शेजारणीने ‘पिशवीच काढून टाक’ असा सल्ला दिला होता. ऐकला नाही, हे बरे झाले.

प्रश्नकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. मी आता एचपीव्हीची लस घेतली तर उपयोग होईल का? मुलगी ११ वर्षांची आहे.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ):
असलेला संसर्ग लसीने जात नाही. मुलीला मात्र जरूर द्यावी. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून उपलब्ध आहे आणि ९ ते १४ या वयात तिचे दोन डोस देतात.