पायाचं हाड दुखावलेला खेळाडू: त्याच दिवशी विकायचा की टीममध्ये धरून ठेवायचा?

राखीव_बाकडा:
एफपीएल, म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीगच्या खेळाडूंची टीम बनवून पॉइंट मिळवायचा फँटसी गेम, तो खेळणाऱ्या सगळ्यांशी बोलायचंय. माझं मत सरळ आहे. खेळाडूच्या पायाच्या हाडाला काही झालंय असं कळलं, मग फ्रॅक्चर असो नाहीतर नुसता स्ट्रेस असो, की त्याला त्याच आठवड्यात विकून टाकायचं, मॅनेजर प्रेस कॉन्फरन्समध्ये काय सांगतोय ते ऐकत बसायचं नाही. आणि तो परत आला तरी सलग दोन मॅच 60 मिनिटांच्या वर खेळल्याशिवाय परत घ्यायचा नाही.

आठवा डिसेंबर 2023. मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालंड, त्याच्या पायाच्या हाडावर स्ट्रेस आला, लूटनच्या मॅचला तो नव्हता, आणि मॅनेजर पेप म्हणाला की दिवसादिवसाने, आठवड्याआठवड्याने बघू. झालं, अर्ध्या दुनियेने त्याला धरून ठेवला, कारण 'पुढच्या मॅचला येईल'. मग पॅलेस गेली, एव्हर्टन गेली, शेफील्ड गेली, न्यूकॅसलही गेली, आणि मधे क्लब वर्ल्ड कपमुळे सिटीची ब्रेंटफर्डची मॅच पुढे ढकलली तो आठवडाही कोराच. म्हणजे लीगच्या पाच मॅच हुकल्या आणि 14 मिलियनचा माणूस 31 जानेवारीपर्यंत बेंचवर पडून होता. तेवढ्या पैशात दोन चांगले मिडफिल्डर येतात आणि ते दर आठवड्याला खेळतात. ज्यांनी पहिल्याच दिवशी विकला ते सुटले.

पेठेतला_विंगर:
भावा, गोष्ट अर्धीच सांगितलीस की. पुढचं कोण सांगणार? 31 जानेवारीला बर्नलीविरुद्ध शेवटची वीसेक मिनिटं आला, मग ब्रेंटफर्डला सुरुवातीपासून, मग 10 फेब्रुवारीला एव्हर्टनला दोन ठोकले. दुखापतीआधी लीगमध्ये 14 गोल हुते आणि सीझन संपला तेव्हा 27, सर्वाधिक गोलचा गोल्डन बूट त्यालाच. तुझ्या 'दोन मॅच बघू' नियमानं चाललेल्या माणसाला एव्हर्टनचे ते दोन गोल मिळालेच नसते, कारण त्याआधी त्याची 60 मिनिटांवरची मॅच एकच झाली हुती. मोठ्या खेळाडूला वाट बघायला लावलीस की तो तुलाच मागं टाकतोय.

झोन_चौदा:
यात एक हिशेब कुणी मांडत नाहीये, किमतीचा. समजा तुम्ही खेळाडू 14.0 ला घेतला आणि तो 14.4 झाला, तर विकताना तुम्हाला 14.2 च मिळतात, कारण गेम नफ्यातला अर्धाच देतो. परत घ्यायला गेलात की बाजारभाव मोजायचा. सीझनच्या सुरुवातीपासून ज्याच्याकडे खेळाडू आहे त्याला विकणं महाग पडतं, जो परवा आला त्याला काहीच फरक पडत नाही. त्यामुळे 'सगळ्यांनी विका' किंवा 'सगळ्यांनी धरा' हे दोन्ही चूक वाटतं मला.

आणि अजून एक, 2023-24 ला फ्री ट्रान्सफर, म्हणजे पॉइंट न कापता खेळाडू बदलायच्या संधी, दोनच साठायच्या. विकायची एक, परत आणायची एक, झाल्या दोन्ही. 2024-25 पासून पाच साठतात, त्यामुळे लगेच विकून नंतर आरामात परत आणणं आता तेवढं जड जात नाही. तेव्हा धरणं शहाणपणाचं होतं म्हणून आताही असेल असं नाही.

राखीव_बाकडा:
@झोन_चौदा पण दुखापत झाली की लाखो लोक विकतात आणि किंमत खालीही येतेच ना, मग परत घेताना स्वस्तात मिळतो. नफ्याचं नुकसान तिथे भरून निघतं बऱ्याचदा. आणि माझा मुद्दा पैशाचा नाहीच मुळात, माझा मुद्दा असा आहे की पायाच्या हाडाच्या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही. हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, तीन आठवडे म्हणाले तर तीन-चार आठवड्यात येतो. पायाचं हाड म्हटलं की 'बघू', आणि त्या 'बघू'त दोन महिने जातात.

स्क्रू_आणि_प्लास्टर:
मी फिजिओ आहे, खेळाडूंचे पाय बघणं हेच रोजचं काम, म्हणून मोठं लिहितेय, वाचा शेवटपर्यंत.

'पायाचं हाड' असं एकच काही नसतं. तळपायात बोटांच्या मागे पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात, अंगठ्याकडून मोजायला सुरुवात करायची. दुसरं, तिसरं, चौथं ही मधली हाडं शेजाऱ्यांच्या आधाराने जागेवर राहतात, मोडली तरी बहुतेक वेळा नीट जुळतात. पाचवं, करंगळीच्या मागचं, ते खरं त्रासदायक. त्याच्या बुडाजवळ एक टप्पा असा आहे जिथे रक्तपुरवठा कमी पोचतो, आणि फुटबॉलपटू वळताना, कट मारताना सगळा भार पायाच्या बाहेरच्या कडेवर घेतो, म्हणजे नेमका तिथेच. तिथलं फ्रॅक्चर हळू जुळतं, कधीकधी जुळतच नाही, कधी जुळल्यासारखं दिसतं आणि परत मोडतं. त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात, रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने 1902 मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, नाचताना त्यांचा स्वतःचाच पाय मोडला होता. व्यावसायिक खेळाडूंना तिथे बहुतेक वेळा हाडाच्या आतून स्क्रू घालतात आणि परत यायला साधारण अडीच-तीन महिने धरायचे.

हालंडचं होतं ते फ्रॅक्चर नव्हे, स्ट्रेस. म्हणजे हाडावर सततचा भार येऊन आत सूज धरते, तडा अजून गेलेला नसतो. एक्सरे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. यावर विश्रांती हाच उपाय, आणि विश्रांती किती लागेल हे दुखणं थांबेपर्यंत डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाही. त्यामुळे पेप 'आठवड्याआठवड्याने बघू' म्हणाला ती पळवाट नव्हती, तेच खरं उत्तर होतं. खेळवला असता तर तडा गेला असता आणि मग पाच मॅच नाही, सीझन गेला असता.

तेव्हा बातमी आली की आधी विचारा: कुठलं हाड, तडा आहे की सूज आहे, आणि ऑपरेशन झालं का.

ऑफसाइड_अण्णा:
ताई, हे भारी सांगितलंत, बेकहॅमचं आता कळलं मला. एप्रिल 2002, डेपोर्टिव्होच्या दुशेरने आडवा घातला आणि डाव्या पायाचं दुसरं मेटाटार्सल मोडलं, अख्ख्या इंग्लंडला तोपर्यंत मेटाटार्सल हा शब्दही माहीत नव्हता. आठ आठवड्यांच्या आत, 2 जूनला, तो स्वीडनविरुद्ध वर्ल्ड कप खेळला आणि पाच दिवसांनी अर्जेंटिनाला पेनल्टी मारून जिंकवलं.

म्हणजे धरणाऱ्यांचीच बाजू खरी ना? दुसरं हाड होतं, आठवड्यांत परत आला.

राखीव_बाकडा:
परत आला, पण कसा आला ते बघा ना अण्णा. स्वीडनला तासाभरातच बाहेर काढला. क्वार्टर फायनलला ब्राझीलविरुद्ध हाफटाइमच्या तोंडावर साइडलाइनजवळ टॅकल येताना उडी मारून पाय वाचवला, बॉल गेला, तिथून रिव्हाल्दोचा गोल झाला आणि इंग्लंड 2-1 हरलं. मैदानात असणं वेगळं आणि पूर्ण जोरात पाय घालणं वेगळं. आपल्याला पॉइंट दुसऱ्या गोष्टीचे मिळतात.

रूनीचंही तेच. 29 एप्रिल 2006 ला चेल्सीविरुद्ध मेटाटार्सल मोडलं, घाई करून वर्ल्ड कपला नेला, त्रिनिदादविरुद्ध सब म्हणून आला, अख्ख्या स्पर्धेत एक गोल नाही आणि पोर्तुगालविरुद्ध रेड कार्ड. जर्मनीचा गोलकीपर नॉयर 2017 च्या सप्टेंबरपासून अख्खा सीझन बाहेर, तोही त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोडलेला पाय परत मोडून, आणि मग थेट 2018 चा वर्ल्ड कप. जर्मनी ग्रुपमधूनच घरी. सगळा दोष त्याचा नव्हता, पण महिनोन्‌महिने मॅच न खेळलेला माणूस होता.

पेठेतला_विंगर:
वर्ल्ड कपची उदाहरणं देऊ नको, तिथं घाई असतीच, तारीख ठरलेली असतीय. लीगचं बघ. सिटीचा गॅब्रिएल जेझुस, फेब्रुवारी 2017, बोर्नमथला पाचवं मेटाटार्सल मोडलं, ताई म्हणतात तेच वाईट हाड. एप्रिलच्या शेवटी परत आला आणि सीझनच्या शेवटच्या काही मॅचमध्ये मिळून चार गोल. मिडल्सब्रो, लेस्टर, वेस्ट ब्रॉम, वॉटफर्ड. तेव्हा त्याला कुणी घेत नव्हतं कारण सगळे तुझ्यासारखे 'आधी बघू' म्हणत हुते. ज्यानं घेतला तो मित्रांच्या मिनी लीगमध्ये वर गेला. सगळ्यांकडं असलेला खेळाडू घेऊन वर कोण जातंय?

कट_बॅक_क्वीन:
जेझुस 20 वर्षांचा होता आणि सिटीने त्याला पूर्ण वेळ दिला. नेमारचं का नाही सांगत? फेब्रुवारी 2018 ला मार्सेविरुद्ध उजव्या पायाचं पाचवं मोडलं, मार्चमध्ये ब्राझीलमध्ये ऑपरेशन, जूनमध्ये क्रोएशियाविरुद्धच्या फ्रेंडलीत परत आला आणि गोलही मारला, सगळे खूश. पुढच्याच जानेवारीत स्ट्रासबर्गविरुद्ध तेच हाड परत, आणि मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या दोन्ही मॅचला बाहेर. युनायटेडचा डिफेंडर लिसांद्रो मार्टिनेझ, एप्रिल 2023 ला सेव्हियाविरुद्ध मोडलं, ऑगस्टमध्ये खेळायला लागला, सप्टेंबरमध्ये तोच पाय, मग ऑपरेशन आणि थेट जानेवारी. डिफेंडर स्वस्त असतो म्हणून लोकांनी विश्वासाने घेतला होता.

मी राखीव_बाकडाच्या बाजूने आहे पण माझा नियम अजून कडक आहे, पाचवं हाड असेल तर त्या सीझनला त्याला कॅप्टन (ज्याचे पॉइंट डबल होतात) करायचंच नाही. टीममध्ये असू दे, पण बॅज दुसऱ्याला. व्हाइस कॅप्टनला बॅज तेव्हाच जातो जेव्हा कॅप्टन एक मिनिटही खेळत नाही, आणि हे लोक नेमके शेवटची दहा मिनिटं येतात, एक पॉइंट, डबल करून दोन.

पेठेतला_विंगर:
हे कॅप्टनचं मात्र पटलं. दहा मिनिटांचा कॅप्टन लई वाईट.

स्क्रू_आणि_प्लास्टर:
एक सांगू का, हाड नीट जुळलं तर जुळलं, ते स्नायूसारखं वर्षभर कुरकुरत नाही. हॅमस्ट्रिंग वारंवार परत येतं हे सगळ्यांना माहितीय तरी ते खेळाडू आपण बिनधास्त घेतो. त्यामुळे फ्रॅक्चर म्हटलं की घाबरून सरसकट लांब पळणं मला पटत नाही. ऑपरेशन झालंय, तीन महिने पूर्ण झालेत, क्लबने घाई केली नाहीये, असा खेळाडू मी पहिल्या मॅचपासून घेईन. ऑपरेशन न करता सहा आठवड्यांत परत आणलाय, तो नाही घेणार.

आणि पाचवं मोडलेल्या बऱ्याच खेळाडूंना त्याआधी काही आठवडे पायाच्या बाहेरच्या कडेला दुखत असतं. खेळाडू 'किरकोळ पाय दुखतोय' म्हणून दोन ट्रेनिंग चुकवतो आणि गेममध्ये त्याच्या नावापुढे पिवळा फ्लॅग लागतो, म्हणजे खेळण्याची शक्यता 75 टक्के, आपण दुर्लक्ष करतो. तो फ्लॅग मी फार गंभीरपणे घेते.

राखीव_बाकडा:
@स्क्रू_आणि_प्लास्टर ऑपरेशनचा मुद्दा मान्य. म्हणजे माझा 'दोन मॅच' नियम ऑपरेशन न झालेल्यांसाठी, झालेल्यांसाठी एकच मॅच. त्याखाली मी येणार नाही.

लाल_फ्लॅग:
सगळं वाचलं आणि मला वेगळंच बोलायचंय. हे लोक माणसं आहेत. स्पेनचा मिडफिल्डर काझोर्ला, त्याचं वाचा. ऑक्टोबर 2016 ला आर्सेनलकडून शेवटचा खेळला, मग घोट्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं, एकामागून एक ऑपरेशनं, टाचेवरच्या अकिलीस टेंडनचा आठ सेंटीमीटर भाग खाल्ला गेला, हाताची कातडी काढून घोट्यावर लावली, डॉक्टर म्हणाले मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी नशीब समज. 2018 ला तो व्हियारियालकडून परत उतरला आणि 2019 ला स्पेनकडूनही खेळला. त्या दोन वर्षांत त्याला किती पॉइंट मिळाले असते असा विचार कुणी करत असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. खेळाडू पडला की त्याच्या अकाउंटवर जाऊन 'माझी टीम बुडवलीस' लिहिणारी आपलीच माणसं असतात, मराठीतही असतात, मी बघितलीत.

ऑफसाइड_अण्णा:
@लाल_फ्लॅग शिव्या देणाऱ्यांचं कुणीच समर्थन करत नाहीये इथे. पण फँटसी खेळल्यामुळेच मी खालच्या टीमच्या लेफ्ट बॅकची दुखापतही मनापासून फॉलो करतो, नाहीतर मला त्याचं नावही माहीत नसतं. माझ्या मते त्याने काळजी वाढते. आणि एफपीएल फुकट आहे. पैसे लावून खेळायचे गेम वेगळे, ड्रीम इलेव्हनचे पैशांचे कॉन्टेस्ट 2025 च्या ऑगस्टमधल्या कायद्यानंतर बंद झालेच की. तिथे पाय मोडला की लोकांचे खरे पैसे जायचे, राग तिथून जास्त यायचा.

लाल_फ्लॅग:
पैसे नसले तरी राग येतोच अण्णा, ऑफिसच्या मिनी लीगमध्ये बघा एकदा. काळजी असेल तर 'लवकर बरा हो' एवढं तरी लिहा.

पेठेतला_विंगर:
लाल_फ्लॅगचं मला लागलं मनाला. आमच्याकडं कोल्हापुरात पेठेची मॅच असली की पोरं पाय बांधून, गोळी खाऊन उतरतात, मैदान कडक, बूट जुने. आमच्यातला एक असाच, पायाच्या कडेला दुखतंय म्हणत हुता आणि मॅच महत्त्वाची म्हणून सगळ्यांनी उतरवला. हाड मोडलं. स्क्रू बिक्रू काही नाही, नुसतं प्लास्टर, आणि परत आधीसारखा वळता आलं नाही त्याला. ताईंनी सांगितलं तेच, आधी दुखत हुतं.

म्हणून म्हणतो, हालंडला सिटीनं जवळजवळ दोन महिने बसवला त्याबद्दल मला राग नव्हताच. मी धरूनच ठेवला हुता आणि पुढच्या वेळीही धरणार.

झोन_चौदा:
ठीक, मग प्रश्न असा उरतो. समजा उद्या 9 मिलियनच्या मिडफिल्डरचं पाचवं मेटाटार्सल, ऑपरेशन झालं, क्लब म्हणतोय 10 आठवडे, तुमच्याकडे तीन फ्री ट्रान्सफर आहेत. धरणारे अजूनही धरणार?

पेठेतला_विंगर:
दहा आठवडे आणि ऑपरेशन? नाय, तो विकणार. स्ट्रेस असता तर धरला असता.

राखीव_बाकडा:
स्ट्रेस असला तरी मी विकणार. तीन ट्रान्सफर असताना तर नक्कीच.

कट_बॅक_क्वीन:
विकणार, आणि दहाव्या आठवड्याला नाही, बाराव्याला बघणार.